प्रांतपाल गावात येतात तेव्हा

जुलै उजाडला की रोटरीच्या प्रांतपालांची (डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांची) गाडी रस्त्याला लागते. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. तेवढ्या वेळात प्रांतातला एकेक क्लब गाठायचा. शहरात दिवसाकाठी दोन क्लब उरकतात. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी यायचे तर रेल्वे नाही. जालन्याला उतरून पुढे पूर्णाकाठापर्यंत रस्त्यानेच, तेही भर पावसाळ्यात.

एवढ्या लांबून पाहुणा आला की हार, फेटा, शाल, श्रीफळ आणि तासभर भाषणे आलीच. तोवर जेवण निवते. (फेट्यातल्या फोटोंनी आमच्या अंकाची पाने भरतात, त्या पापात आम्हीही वाटेकरी.) खरी भेट त्याआधीची, अध्यक्ष-सचिव-खजिनदारांसोबतची. सभासद किती गळले? वर्गणी कुणाची थकली? पाणी शुद्ध करायचे, शाळेला दिलेले यंत्र चालू आहे, की त्यावर नुसतीच नावाची पाटी उरली? इथे घाम फुटतो.

पण लहान गावातला क्लब म्हणजे नुसती पाटी नव्हे. रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. मधल्या काळात अंगणवाडीताईंसोबत रविवारी पोलिओ बूथवर बसणाऱ्यांत अशाच लहान गावांतली माणसेही होती.

म्हणून प्रांतपालांना एक विनंती: एक रात्र मुक्काम करा. सकाळी फेटा न बांधता बसस्थानकाजवळ चहा घ्या, आणि क्लब नेमके काय करतो, हे टपरीवाल्याला विचारा.