रिफाम्पिसिन चालू असताना

एचआयव्हीविरोधी पेप्टाइडवरचा कोणताही शोधनिबंध उघडा. पहिल्याच तक्त्यात नॅनोमोलरचे आकडे असतात आणि बहुतेकदा लेखकांचा उत्साह तिथेच संपतो. आमच्याकडे परीक्षणासाठी येणाऱ्या लेखांचीही हीच तऱ्हा. विषाणू किती कमी मात्रेत रोखला गेला ते कळते. ते औषध कोण, कुठे आणि किती दिवसांनी टोचून घेणार, याचा मागमूस नसतो. म्हणून यापुढे लेखकांना आम्ही एक गाव नेमून देणार आहोत: चिचगड. गोंदिया जिल्हा, देवरी तालुका, छत्तीसगडच्या सीमेलगतचा जंगलपट्टा. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीवरून जातो, चिचगड त्यापासून आत आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढचे काही हवे असेल तर गोंदिया किंवा नागपूर.

या गावाच्या मापाने आधी एन्फुव्हिर्टाइड मोजू, कारण या वर्गातले पहिले मान्यताप्राप्त औषध तेच. मार्च २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कल्पना आजही देखणी वाटते. पेशीत शिरताना विषाणूच्या जीपी४१ या प्रथिनाचे दोन भाग एकमेकांवर दुमडून सहा दोरांची जुडी बांधतात आणि विषाणूचे व पेशीचे पटल जवळ ओढतात. त्यातल्याच एका भागाची ३६ अमिनो आम्लांची नक्कल आधीच जाऊन बसली की जुडी बांधलीच जात नाही. औषध पेशीच्या आत जातही नाही, दारातच काम उरकते.

पण ते बनवायचे म्हणजे १०६ पायऱ्या. सोळा, दहा आणि नऊ अमिनो आम्लांचे तीन तुकडे रेझिनवर वेगवेगळे बांधायचे, शेवटचे फिनाइलअ‍ॅलानिन द्रावणात जोडायचे, मग तुकड्याला तुकडा. अमेरिकेत वर्षाचा खर्च वीस हजार डॉलरच्या घरात गेला. त्याच्या दोनच वर्षे आधी, फेब्रुवारी २००१ मध्ये, सिप्लाने तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली ती अशा गोळ्यांच्या जोरावर. त्यात पेप्टाइडला जागा नव्हती, आणि नव्हती ते योग्यच होते.

किंमत बाजूला ठेवू आणि कुपी हातात घेऊ. कोरड्या भुकटीत निर्जंतुक पाणी सोडायचे आणि थांबायचे. हलवायचे नाही, फेस होतो. तळहातांमध्ये हलकेच फिरवायची. पूर्ण विरघळायला पाऊण तासही लागतो. मग दंडात, पोटात किंवा मांडीत त्वचेखाली ९० मिलिग्रॅम. आणि हे दिवसातून दोनदा, कारण रक्तातला अर्धायुष्यकाल चार तासांच्या आतबाहेर. विरघळवलेली कुपी ठेवायची तर फ्रिजमध्ये, तीही चोवीस तासच. मूळ चाचण्यांत ९८ टक्के रुग्णांना टोचल्या जागी गाठी, लाली किंवा दुखणे झाले. रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीत उतरणाऱ्या बाईने हे कधी करायचे? आणि एकाच खोलीत राहणाऱ्या सासू-जावांपासून वापरलेल्या सुया कुठे लपवायच्या? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे, पण पोटावरच्या गाठी कायद्याने झाकत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, मग पेप्टाइड हवेच कशाला? प्रश्न रास्त आहे. दिवसाला डोल्युटेग्राविर असलेली टीएलडीची एक गोळी घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा व्हायरल लोड दबलेला राहतो. शिवाय लेनाकापाविर आले आहे: सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली, आणि ते पेप्टाइड नाही. ते बनवण्याचा परवाना मिळालेल्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो २०२७ पासून ते प्रतिबंधासाठी वर्षाला ४० डॉलरला देणार, हे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. याच्याशी ‘आमचे पेप्टाइड जास्त प्रभावी’ म्हणून झुंजायला जाणे म्हणजे वेळ आणि अनुदान दोन्ही पाण्यात.

आमच्या मते पेप्टाइडची खरी जागा क्षयरोगाच्या शेजारी आहे. आपल्याकडे एचआयव्हीबाधिताला गाठणारा सर्वांत मोठा संधिसाधू आजार क्षयच. त्याच्या सहा महिन्यांच्या उपचाराचा कणा रिफाम्पिसिन, आणि रिफाम्पिसिन यकृतातली विकरे इतकी चेतवते की बरोबरच्या औषधांची रक्तातली पातळी कोसळते. डोल्युटेग्राविर त्यातून निभावते, कारण सकाळच्या टीएलडीनंतर बारा तासांनी आपण ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी देतो आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांना हा मार्ग नाही. कॅबोटेग्राविर आणि उपचारासाठीचे लेनाकापाविर ही दोन्ही रिफाम्पिसिनबरोबर वर्ज्य आहेत. पेप्टाइड मात्र त्या विकरांच्या वाटेला जात नाही. शरीर त्याचे अन्नातल्या प्रथिनांसारखे तुकडे करते. एन्फुव्हिर्टाइड आणि रिफाम्पिसिन एकत्र दिल्याने काही बिघडत नाही, हे तपासलेले आहे.

म्हणजे डोल्युटेग्राविरला प्रतिकार निर्माण झालेला आणि त्यात क्षय झालेला रुग्ण डोळ्यांसमोर ठेवा. असे रुग्ण थोडे असतील. पण त्यांच्यासाठी आज फारसे काही हाताशी नाही, आणि टोचण्यांचे युग इथवर पोचले की थोड्यांचे जास्त व्हायला वेळ लागणार नाही.

या रुग्णाला आठवड्याला एक टोचणी पुरायला हवी. त्या दिशेने चीन पुढे गेला आहे. २०१८ मध्ये तिथे मान्यता मिळालेले अल्ब्युव्हिर्टाइड रक्तातल्या अल्ब्युमिनला कायमचे चिकटते आणि म्हणून आठवडाभर टिकते. पण ते शिरेतून द्यावे लागते. चिचगडला दर आठवड्याला सलाइन लावून बसणे म्हणजे साऱ्या गावाला सांगणेच. मेदाम्ल जोडलेली, त्वचेखाली देता येणारी पेप्टाइडे हा पुढचा टप्पा, आणि हे रसायन आपल्याला परके राहिलेले नाही. सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकते ते मेदाम्लाच्या शेपटीमुळेच. त्याचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे, आणि त्यावर नजर ठेवून आपल्या कंपन्यांनी पेप्टाइड बनवण्याची क्षमता उभी केली. मधुमेह आणि वजनासाठी उभे राहिलेले रिअ‍ॅक्टर एचआयव्हीच्या छोट्या बॅचसाठी वापरता येतील का, हा प्रश्न आपल्या उद्योगातल्या वाचकांना थेट विचारतो आहोत.

परळच्या प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत तयार झालेला ‘कॅम्प’ हा सूक्ष्मजीवविरोधी पेप्टाइडांचा संग्रह २०१० पासून सर्वांना खुला आहे. चंदीगडच्या इम्टेकचा एचआयव्हीरोधक पेप्टाइडांचा संग्रह २०१३ चा. नवा क्रम सुचवणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते पुढचे, आणि तिथे प्रतिकाराचाही हिशोब करावा लागतो: जीपी४१ च्या ३६ ते ४५ या पट्ट्यात एकच बदल झाला तरी एन्फुव्हिर्टाइडचा प्रभाव बराच घटतो. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकाराच्या विषाणूंवर चाचणी न करता पाठवलेला लेख आम्हाला अर्धवट वाटेल.

पुढील अंकापासून एचआयव्ही पेप्टाइडवरच्या लेखांकडून नॅनोमोलरखेरीज चार गोष्टी मागू: रक्तद्रवातला अर्धायुष्यकाल, ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के आर्द्रतेतली स्थिरता, संश्लेषणाच्या पायऱ्यांची संख्या, आणि सी उपप्रकारावरचा परिणाम. चारही नसतील तर निदान पहिल्या दोन पाठवा. उरलेल्या दोन्हींसाठी सहकारी प्रयोगशाळा शोधायला संपादक मंडळ मदत करेल.