शिकारीची गोष्ट कुणी सांगायची?

हरणाच्या शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावं हमखास येतात. एक मन्सूर अली खान पतौडी आणि दुसरं सलमान खान. पतौडींवर २००५ साली हरियाणातल्या झज्जरकडे काळवीट मारल्याचा गुन्हा दाखल झाला होता. सलमानचं प्रकरण त्याआधीचं, १९९८ चं, जोधपूरजवळच्या कांकाणी गावचं. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि दोन दिवसांत जामीन झाला. दोघे श्रीमंत, दोघे मुसलमान. तेवढ्यावरून शिकार हा मुसलमानांचा शौक असल्याचं लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे आणि आजचं राधानगरी अभयारण्य मुळात राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, हे कुणाला आठवत नाही. आठवलं तरी तो इतिहास होतो. आमचा मात्र गुन्हा होतो.

म्हणून आमच्या घरातल्या तरुण पोरांचं म्हणणं असं, की दादा, तुम्ही शिकारीच्या आठवणी लिहू नका. आधीच २०१५ पासून पिशवीत मटण घेऊन एसटीत बसायची चोरी झाली आहे, त्यात तुम्ही स्वतः होऊन सांगताय की मी हरीण मारलं. त्यांची भीती मला समजते. तरी मी लिहिणार आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने त्याच्या डोळ्यांदेखत जे रान होतं त्याची साक्ष द्यायची नाही, तर कुणी द्यायची?

आमचा जिल्हा तेव्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. घर नेरळच्या बाजूला, शेत पोशीरच्या अंगाला. पश्चिमेला माथेरान, पूर्वेला भीमाशंकरची रांग, मधून पोशीर नदी उल्हासकडे जाते. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. आमच्याकडचा कडवा वाल मुंबईत नावाजलेला. पण वाल कोवळा असताना त्याला माणसांपेक्षा रानातली गिऱ्हाइकं जास्त. रानडुक्कर एका रात्रीत अख्खं खाचर नांगरून ठेवायचं. भेकर तसं नाही. ते एकटंदुकटं येतं, निवडून शेंडे खुडतं आणि जातं. हरणांच्या कुळातलं हे छोटं जनावर, वजनाला वीस-बावीस किलो, नराला आखूड शिंगं आणि वरच्या जबड्यात सुळे. धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. त्या भुंकण्यावरून जाणकार माणूस सांगायचा, की वर कड्याखाली बिबळ्या चाललाय.

घरात बंदूक होती ती आजोबांच्या वेळची ठासणीची. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, गजाने ठासायचं. एक बार काढला की जनावराला दुसरा बार भरेपर्यंत तालुका ओलांडायला वेळ मिळायचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची सोय वेगळी ठेवलेली आहे, ती अशाच शेतकऱ्यांसाठी. वडिलांनी पुढे बारा बोअरची दुनळी घेतली. ती मला हाताळायला मिळाली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्याआधी दोन वर्षं माझं काम एकच, तेलाचा फडका नळीतून ओढणं. वडिलांचा नियम असा, की ज्याला बंदूक साफ करता येत नाही त्याने चापाला बोट लावायचं नाही. दुसरा नियम, रिकामी बंदूकसुद्धा माणसाकडे रोखायची नाही. या दुसऱ्या नियमासाठी मी एकदा थोबाडीत खाल्लेली आहे.

१९६७ सालचा जानेवारी. अंधारी रात्र. वालाच्या बांधाला आम्ही तिघं बसलो होतो. वडील, मी आणि आमच्याकडे कामाला येणारा एक कातकरी. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईल. वारा कुठून येतो हे त्याने मातीची चिमूट सोडून पाहिलं आणि आम्हाला उठवून दुसऱ्या बांधाला बसवलं. बिडी ओढायची नाही, खोकायचं नाही. थंडीने माझे दात वाजत होते. दोनेक तासांनी त्याने माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. मला काही ऐकू आलं नव्हतं, काही दिसतही नव्हतं. तो म्हणाला, "पोरा, दम धर." वडिलांनी बॅटरी पेटवली आणि पंचवीस-तीस पावलांवर दोन डोळे चमकले. मी मनात बिस्मिल्लाह म्हटलं, माशी डोळ्यांच्या जरा खाली धरली आणि चाप ओढला. एल.जी.चं काडतूस होतं. खांद्याला बसलेला धक्का आठवतो, आवाज आठवत नाही.

भेकर पडलं होतं, पण जिवंत होतं. वडील सुरी घेऊन धावले. बंदुकीची गोळी धारेने कापत नाही, जोराने मारते, म्हणून नुसत्या गोळीने मेलेलं जनावर हलाल नाही, असं बहुतेक उलेमांचं मत. त्यामुळे जबह करायला वेळेवर पोचणं ही मुसलमान शिकाऱ्याची घाई असते. वडिलांनी जबह केलं. मी पाय धरले होते. पायांतली धडपड हातात उतरते आणि मग थांबते. मला त्या रात्री आनंद झाला होता हे मी लपवणार नाही. पोटात कालवल्यासारखंही झालं होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं. शिकारीवर लिहिणारे बहुतेक लोक यातलं एकच काहीतरी लिहितात.

वाटे पहाटे पडले. बंदुकीचा एक, माणशी एक, आणि कुत्रा बरोबर नसला तरी कुत्र्याचा अर्धा, कारण तो घरी राखणीला होता. कातकऱ्याच्या वाट्याचं मटण आमच्यापेक्षा कमी नव्हतं. आईने त्यातला एक भाग शेजारच्या घरी पाठवला, शेजाऱ्यांनी तो मागच्या दारी वेगळ्या चुलीवर शिजवला आणि घरातल्या म्हाताऱ्यांना कळू दिलं नाही. म्हाताऱ्यांना कळलंच होतं.

डुकराची गंमत याहून वेगळी. गावात ज्याच्या वालात डुक्कर शिरलं तो आमच्याकडे यायचा, कारण बंदूक आमच्याकडे. मारायचे आम्ही, शिवायचे मात्र नाही. ठाकूर आणि कातकरी मंडळी जनावर बांधून न्यायची आणि त्या रात्री वाडीवर ढोल वाजायचा. एवढं हराम जनावर आम्ही दुसऱ्यांच्या पिकासाठी आणि पोटासाठी मारलं, त्याचा हिशेब वर कसा मांडला असेल कोण जाणे.

माझी स्वतःची पहिली रायफल आली १९७१ ला. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, ३१५ बोअरची. लष्कराची ३०३ ची गोळी नागरिकाच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या वेळेपासून हा वेगळा बोअर चालू झाला, तो आजही आहे. लाकडी दस्त्याला तेल लावताना मी स्वतःला कुणी मोठा शिकारी समजत होतो. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या रायफलने मी तीन डुकरं मारली, हरीण एकही नाही. काही वर्गातल्या जनावरांसाठी शिकारीचे परवाने देण्याची तरतूद कायद्यात होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने गेली. तेव्हापासून रायफल कपाटात. परवान्याचं नूतनीकरण करायचं, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. माझ्या रायफलने रानापेक्षा पोलीस ठाणं जास्त पाहिलं आहे.

कायदा बरोबर होता, असं माझं मत आहे आणि ते आजचं नाही. साठच्या दशकात मुंबईहून जीपा यायच्या. वर दिवा लावलेला, मागे चार बंदुकवाले, एका रात्रीत जे डोळे चमकतील त्यांवर बार. मादी आहे की पिलू आहे, कुणी पाहायचं नाही. जखमी जनावराच्या मागावर जायचं तर नावच नाही. पीक राखणारा शेतकरी आणि हे लोक यांच्यात फरक करणारा कायदा कागदावर लिहिता येतो, रात्री बाराला रानात राबवता येत नाही. म्हणून सरसकट बंदी लागली. लागायलाच हवी होती.

ज्यांनी ही दिशा दाखवली त्यांच्यात आमच्याच समाजातले दोन मुंबईकर होते, हे मी मुद्दाम सांगतो. सालिम अली पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी एअरगनने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते, त्यांनीच भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवलं. दुसरे हुमायून अब्दुलअली. बंदुकीचा शौक असलेला हा माणूस, पण १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षण कायद्याचा मसुदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये थांबली त्यामागेही त्यांचा अभ्यास होता. शिकार म्हटल्यावर पतौडी आणि सलमान आठवणाऱ्यांनी ही दोन नावंही जवळ ठेवावीत.

धर्माचं म्हणाल तर पोटासाठी शिकार जायज आहे, पण हजच्या इहराममध्ये असलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना आहे, आणि जिवंत प्राण्याला नुसतं नेमबाजीचं लक्ष्य बनवणं तर कधीच मान्य नाही. आज कर्जत-नेरळमध्ये कुणाचं पोट भेकरावर अवलंबून नाही. मग उरतो तो शौक. त्याला दिनाचा आधार शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण कायदा बरोबर असला तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडला का? इथे मला त्या कातकऱ्याकडे परत यावं लागतं. १८७८ साली, लिटन व्हाइसरॉय असताना, दोन कायदे झाले. एकाने रान सरकारचं केलं, दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं, गोऱ्यांना सूट ठेवून. रान आणि बंदूक एकाच वर्षी गेली. खैराचा कात काढून जगणाऱ्या, सशा-घोरपडीवर गुजराण करणाऱ्या माणसांना तेव्हापासून त्यांच्याच रानात चोरासारखं वावरावं लागलं. आम्हाला पुढे परवाना मिळाला, कारण आमच्याकडे सातबारा होता. त्याच्याकडे सातबारा नव्हता, म्हणून बंदूक नव्हती, म्हणून तो शिकारी नव्हता. तो फक्त वाऱ्याची दिशा सांगणारा होता.

नव्वदच्या दशकात त्याच्या मुलाला सशाच्या फासासकट पकडलं. किती वर्षं तारखा चालल्या ते मी पाहिलं आहे. दर तारखेला एक दिवसाची मजुरी बुडायची आणि वर गाडीभाडं. त्याच काळात माझ्या ओटीवर भेकराची शिंगं लाकडी फळीवर ठोकलेली होती. चहा प्यायला आलेल्या पाहुण्यांना मी त्यांची गोष्ट सांगायचो आणि पाहुण्यांत अंमलदारही असायचे. शिंगं कुणाला खुपली नाहीत. शिकारीच्या आठवणी लिहायचा हक्क कुणाला मिळतो आणि कोर्टाची तारीख कुणाला मिळते, ते इथे दिसतं. त्याचं नाव मी लिहीत नाही ते एवढ्यासाठीच. त्याची नातवंडं आजही त्याच वाडीवर राहतात आणि नाव छापून आलं तर त्याचा जाच मला होणार नाही, त्यांना होईल.

आता भेकरं कमी झाली त्याचा दोष अजूनही आमच्या जुन्या बंदुकांवर टाकला जातो. थोडा आमचा आहेच. पण ज्या बांधावर मी बसलो होतो त्याच्या वरची टेकडी आज तारेच्या कुंपणात आहे. शनिवार-रविवारी तिथे पोहण्याच्या तलावावर गाणी लागतात, रात्री दोनपर्यंत. भेकराला बंदूक चुकवता येते, कुंपण चुकवता येत नाही. शहरातून आलेला मालक सांगतो की निसर्गाच्या जवळ राहायला आलोय. त्याच्यावर कुठला गुन्हा दाखल होणार?

माझी सूचना साधी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कुणीतरी येऊन भरून दिलेली असते, झाडांची नावं आणि शास्त्रीय नावं एवढीच. आमच्यासारखे म्हातारे आणि वाड्यांवरचे जुने हाकारे अजून जिवंत आहेत. भेकर कुठल्या ओहोळाला पाण्यावर यायचं, सांबराची लोळण कुठे होती, पिसोरी शेवटची कधी दिसली, हे त्यांना विचारा आणि लिहून घ्या. विचारताना आधी लेखी सांगा, की या माहितीवरून कुणावर जुनी केस होणार नाही. नाहीतर वाडीवरचा माणूस तोंड उघडणार नाही, आणि मी सांगेन ते अर्धंच असेल. मला चाप ओढता येत होता. जनावर कुठे आहे हे त्याला माहीत होतं.

रायफलचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात. माझ्याकडे दुनळी आणि रायफल धरून दोनच आहेत, त्यामुळे अडचण नाही. परवाना कुणा मुलाच्या नावावर करायचा नाही, असं मी घरी सांगून ठेवलं आहे. नातवाला लग्नाच्या वरातीत बार काढायची हौस आहे आणि त्याच दुरुस्तीत त्याला दोन वर्षांची कैद आहे. माझ्यामागे दोन्ही जमा करायच्या. तेलाचा फडका कपाटातच आहे, जमा करण्याआधी नळ्या साफ करायच्या.