आपल्या माणसाला प्रश्न कोण विचारणार?

सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हल्ली वारंवार कानी पडते. कोणा नेत्याच्या एखाद्या निर्णयाविषयी कुणी शंका काढली, की समोरचा गृहस्थ चहाचा कप खाली ठेवीत म्हणतो, "अहो, ते रात्रंदिवस राबताहेत, त्यांना आपल्यापेक्षा काही अधिक कळत असेलच ना! थोडा विश्वास ठेवायला काय हरकत आहे?" मौज अशी की, हाच गृहस्थ विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याचे नाव निघताच कसलेल्या फौजदारी वकिलाला लाजवील अशी उलटतपासणी आरंभतो. सत्ता पालटली की वाक्य तेच राहते, ते उच्चारणारी तोंडे तेवढी बदलतात. नेत्यावर विश्वास ठेवावा की त्याला जाब विचारावा, हा वादच म्हणून आम्हाला फसवा वाटतो. परक्याला जाब विचारण्यास कोणाचीच ना नसते. अडते ते आपल्या माणसापाशी.

आपल्या माणसाला जाब विचारल्याने काय होते, याचे एक उदाहरण या देशाच्या संसदेने फार पूर्वीच घालून दिले आहे. १९५६ च्या सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्या कारकुनांची, मास्तरांची, विधवांची पुंजी सरकारच्या हवाली झाली. वर्षही उलटले नाही तोच, १९५७ च्या जूनमध्ये, महामंडळाने त्या पुंजीतून सव्वा कोटीच्या आसपास रक्कम काढून हरिदास मुंध्रा या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांचे शेअर्स खरेदी केले. मुंध्रांची पत बाजारात डळमळीत होती. असले व्यवहार ज्या गुंतवणूक समितीच्या नजरेखालून जावयाचे, तिला या खरेदीपूर्वी कोणी विचारलेही नव्हते. पैसा कोणाचा आणि खर्च करणारे कोण, एवढाच हा साधा प्रश्न होता. पण तो मोठ्याने विचारणार कोण? पंडित नेहरू तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. त्याच वर्षी दुसरी सार्वत्रिक निवडणूक त्यांच्या पक्षाने दणक्यात जिंकली होती.

१६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत हा विषय धसास लावण्यास जे उभे राहिले ते फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार होते आणि नात्याने प्रत्यक्ष पंतप्रधानांचे जावई! सासऱ्याच्या सरकारची अब्रू झाकावी, घरातली गोष्ट घरात मिटवावी, असा शहाणपणाचा सल्ला त्यांना कोणी दिला नसेल असे नाही. त्यांनी तो मानला नाही. कागदपत्रांच्या आधारे त्यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना अशा पेचात पकडले की, चौकशी नेमण्यावाचून सरकारला गत्यंतर उरले नाही.

ती चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला यांच्याकडे सोपविली गेली. छागलांनी बंद दाराआड काही केले नाही. चौकशी मुंबईत, जनतेच्या समक्ष झाली आणि ती ऐकावयास लोकांनी गर्दी केली. मंत्र्यापासून सचिवापर्यंत सर्वांना सामान्य साक्षीदाराप्रमाणे येऊन बोलावे लागले. आणि हे सारे महिन्याच्या आत आटोपले! ज्यांनी पुढल्या काळात वर्षानुवर्षे रेंगाळणारे आणि मुदतवाढीवर जगणारे आयोग पाहिले आहेत, त्यांना ही कपोलकल्पित कथा वाटेल. पण ती घडलेली आहे. सचिवाने केलेल्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा निर्वाळा छागलांनी दिला आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. पंडितजींना हा उघड्यावरचा पंचनामा रुचला नव्हता, आपल्या सहकाऱ्याविषयीचा जिव्हाळाही त्यांनी लपविला नाही. परंतु त्यांनी चौकशी रोखली नाही, हेही त्यांच्या नावे जमेस धरले पाहिजे.

आता आमचा सवाल असा की, या प्रश्नाने देशाचे कोणते नुकसान झाले? सरकार कोसळले नाही. कृष्णम्माचारी १९६२ साली पुन्हा मंत्रिमंडळात आले, पुढे पुन्हा अर्थमंत्रीही झाले. आयुर्विमा महामंडळ बुडाले नाही. उलट आपल्या हप्त्याची चाड असणारे कोणी तरी दिल्लीत बसले आहे, असे विमेदाराला कळून चुकले. विश्वास, विश्वास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

असे धैर्य महाराष्ट्राच्याही परिचयाचे आहे. चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याचा घाट आणि मुंबईत झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकारने दिलेला नकार, यांवर बोट ठेवून त्यांनी १९५६ साली पद सोडले. ते विरोधकांच्या सभेतून गरजले नाहीत, मंत्रिमंडळात बसून आपल्याच पंतप्रधानांच्या तोंडावर बोलले.

यावर एक उत्तर हमखास येते. शत्रू दाराशी उभा असता घरात भांडण कशाला? संकटसमयी प्रश्न विचारणे म्हणजे नेत्याचे हात दुबळे करणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. रणांगणावर सेनापतीशी हुज्जत घालता येत नाही, हे कोणीही मान्य करील. पण १९६२ चा धडा नीट वाचला तर तो नेमका उलटे सांगतो. अक्साई चीनमधून चीनने बांधलेला रस्ता १९५७ सालीच पुरा झाला होता. १९५८ च्या ऑक्टोबरात आपल्या सरकारने त्याविषयी चीनकडे निषेधाचा खलिताही धाडला. पण संसदेला हे अधिकृतपणे कळले ते १९५९ च्या ऑगस्टमध्ये! त्याच सुमारास भूदलाचे प्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला, तो पंडितजींनी परत घ्यावयास लावला आणि लोकसभेत मात्र बाजू घेतली ती मेनन यांची. सभागृहात नाराजी होती, टीकाही झाली. पण सत्ताधारी बाकांवरील बहुसंख्यांनी मान डोलावली. पंडितजींना परराष्ट्र व्यवहारातले आपल्याहून अधिक कळते, असे म्हणून ते स्वस्थ बसले. तो विश्वास किती महागात पडला, हे १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयातल्या बर्फात, अपुऱ्या कपड्यांनिशी उभ्या असलेल्या जवानांनी भोगले. तेव्हा कोठे काँग्रेसच्याच खासदारांनी निकराने आग्रह धरला आणि मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले. संरक्षण खाते सांभाळावयास यशवंतराव चव्हाण दिल्लीला रवाना झाले. जो प्रश्न १९५९ साली पोटतिडकीने विचारावयाचा, तो पराभवाच्या छायेत विचारला गेला.

त्या पराभवाची मीमांसा लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स व ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ साली अहवालरूपाने केली. साठ वर्षे उलटली. त्याचा काही भाग २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने परस्पर उजेडात आणला. पण अनेक पक्षांची सरकारे येऊन गेली, तरी कोणत्याही सरकारने तो अहवाल अधिकृतपणे संसदेपुढे ठेवलेला नाही. विरोधात असताना तो मागणारे सत्तेत आल्यावर मुके होतात. आमच्या चहा पिणाऱ्या गृहस्थाने यावर थोडा विचार करावा.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या रोगाचे निदान करून ठेवले होते. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांच्या इशाऱ्याचा आशय. आम्ही मराठी माणसे तर याहून एक पाऊल पुढे जाऊ. आमच्या भक्तीनेही कधी जीभ गहाण टाकली नाही. जनाबाईने साक्षात पंढरीच्या विठ्ठलाला खडसावले आहे, नामदेवाने त्याच्याशी कडाकडा भांडण केले आहे. जे परब्रह्माने ऐकून घेतले, ते आमदार-खासदारांना ऐकवत नाही म्हणजे काय? स्वतः नेहरूंनीही १९३७ साली 'चाणक्य' या टोपणनावाने कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये लेख लिहून लोकांना बजावले होते की, या जवाहरलालपासून सावध राहा, त्याच्या ठायी हुकूमशहाची बीजे आहेत. पुढे देशाने तो लेख कौतुकाने वाचला आणि त्यातला सल्ला बाजूला ठेवला!

जाता जाता दुसऱ्या एका वर्गालाही दोन शब्द. "सगळेच चोर" म्हणून हात झटकणारा माणसू प्रश्न विचारीत नसतो. त्याला उत्तर नकोच असते. फिरोज गांधी सव्वा कोटींचा हिशेब आणि कागद घेऊन उभे राहिले, म्हणून मंत्र्याला उत्तर देणे भाग पडले. नुसत्या शिव्यांना कोणत्याही मंत्र्याने आजवर उत्तर दिलेले नाही.

२०२० च्या सप्टेंबरात महासाथीचे कारण सांगून संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासावाचून भरविण्यात आले. लेखी उत्तरे तेवढी मिळाली. मंत्र्याला उभे करून उपप्रश्न विचारण्याची सोय गेली. विरोधी सदस्यांनी आरडाओरडा केला, तो त्यांचा धर्मच. आम्ही वाट पाहत होतो ती सत्ताधारी बाकांवरून एखादा फिरोज गांधी उठतो काय याची. कोणी उठले नाही.

लोकसभेत कोणत्या सदस्याने किती व कोणते प्रश्न विचारले, याची नोंद आज कोणालाही घरबसल्या पाहता येते. ज्या उमेदवाराला आपण मत दिले, त्याचीच नोंद वाचकांनी या रविवारी काढून पाहावी. पडलेल्या उमेदवाराची नको. आणि तो गणपतीच्या मांडवात हार स्वीकारावयास येईल, तेव्हा हार घालण्यापूर्वी तो कागद त्याच्या हाती द्यावा.