धुलाईयंत्राची कुरकुर

दिवाळी जवळ आली की घरातले पडदे, अभ्रे, चादरी, सोफ्याच्या खोळी सगळी एकदम मोरीकडे चालू लागतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात कपडे धुण्याचे मशीन रुसून बसते. वर्षभर ते बिचारे मुकाट्याने राबलेले असते. आता मध्येच थांबते, पाटीवर दोन अगम्य अक्षरे दाखवते आणि पीं पीं करू लागते. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मेकॅनिकला बोलवा. दुसरा म्हणतो, जुने झाले, नवेच घेऊ. सणाची सूट चालूच आहे. घरात तिसरा पक्षही असावा, आणि त्याची बाजू मांडण्यासाठी आजचे हे सदर. त्याचे म्हणणे एवढेच की, खिशात हात घालण्याआधी पंधरा मिनिटे मशीनकडे नीट बघू या.

वरून कपडे टाकायच्या मशीनचे काम तीन शब्दांत सांगता येते : भरणे, घुसळणे, पिळणे. नळाचे पाणी आत येते, टबाच्या तळाची चकती कपडे घुसळते, मग पाणी सोडून देऊन टब गरगर फिरतो. कुरकुरीही बहुधा याच क्रमाने असतात : पाणी येत नाही, पाणी जात नाही, किंवा मशीन थयथयाट करते. पाटीवरची अक्षरे तेच सांगत असतात. उदाहरणार्थ, एलजीच्या मशीनवर ‘आय-ई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओ-ई’ म्हणजे जात नाही, ‘यू-ई’ म्हणजे भार एकीकडे झुकला. इतर कंपन्यांची अक्षरे निराळी. ती माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका रद्दीत गेली नसेल तर आजच शोधून ठेवा. तात्पर्य, मशीन मोडते थोडे, गुदमरते फार.

कशालाही हात लावण्यापूर्वी एक नियम मात्र पाळायचा. बटण बंद करायचे, आणि तेवढ्यावर न थांबता प्लगही उपसून ठेवायचा. ओल्या हाताने नव्हे, आणि पायांत कोरडी चप्पल हवी.

पाणी येत नाही

आधी नळ पुरता उघडा आहे ना, नळी मशीनमागे चेपली नाही ना, ते पाहावे. मग नळ बंद करून मशीनच्या बाजूचा नळीचा आटा सोडवावा. तोंडाशी बोटाच्या पेराएवढी एक बारीक जाळी दिसेल. टाकी धुतल्यानंतर किंवा टँकर आल्यानंतर हीत गाळ आणि गंजाचे कण अडकतात. पकडीने अलगद ओढून काढावी, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवावी आणि परत बसवावी. आट्यातला रबरी वायसर जागेवर आहे ना, एवढे पाहावे. तो हरवला की ठिबकणे सुरू झालेच. एवढ्याशा जाळीपायी कित्येकदा ‘बोर्ड गेला’ असे निदान होते, आणि बोर्डाचा खर्च हजारांत जातो.

जाळी स्वच्छ असूनही पाणी रडतखडत येत असेल तर दाब कमी आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. म्हणून गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत खालच्या मजल्यांवर नळ धो धो वाहतो, आणि अगदी वरच्या बिऱ्हाडात, टाकी डोक्यावर असूनही, धार करंगळीएवढी. अशा वेळी बादलीने टबात पाणी ओतावे. मशीन किती पाणी आले ते मोजत नाही. टबाला जोडलेल्या बारीक नळीतली हवा किती दाबली गेली यावरून पातळी ओळखते. पाणी नळाचे की बादलीचे, त्याला सारखेच.

पाणी जात नाही

येथे शंभरातल्या कितीतरी तक्रारी नळीच्या असतात. पुष्कळ मशीनना उपसणारा पंप नसतो. झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने उताराने निघून जाते. त्या नळीला मोरीच्या उंबरठ्यावरून उडी मारायला लावली, तिचे टोक तुंबलेल्या पाण्यात बुडले किंवा तिला लांबण जोडली की पाणी अडलेच. पंपवाल्या मशीनची गोष्ट उलट. तिची नळी पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवरच अडकवावी लागते. तेव्हा आपले मशीन कोणत्या जातीचे, ते आधी ओळखावे.

एकीकडून पाणी येते आणि दुसरीकडून जाते, टब भरतच नाही, असे झाले तर झडपेत काहीतरी अडकले समजावे : शर्टाची गुंडी, केसांची पिन, नाणे. हे काम मेकॅनिकचे. मात्र ते टाळण्याचे काम घरच्यांचे. खिसे उलटे करून तपासण्याची जबाबदारी ज्याचे खिसे त्याच्यावर टाकली, तर घरातल्या बाईवरचा एक आरोप आपोआप मिटतो.

थयथयाट

पिळताना मशीन धडधडत सरकू लागते, किंवा पुन्हापुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करू पाहते. कारण साधे आहे. मिनिटाला 700 फेरे आणि टबाची त्रिज्या पाव मीटर धरली, तर एका बाजूला बसलेला एक किलोचा ओला टॉवेल बाहेरच्या दिशेने सव्वाशे किलोहून जास्त जोराने ओढतो. म्हणून एकटे जड कापड कधी पिळू नये. त्याच्या जोडीला आणखी दोनचार टाकावीत. साडीचा पीळ पडतो, ती जाळीच्या पिशवीत घालावी. टब गच्च भरू नये. कपड्यांत हात सहज गेला पाहिजे. आणि चारही पाय जमिनीला टेकले आहेत ना, ते झाकणावर पाण्याची परात ठेवून पाहावे. गवंड्याची पाणसळ नसली तरी चालते. पाय फिरवून उंची कमीजास्त करता येते.

रेनकोट, रबरी चादर, ताडपत्री मात्र मशीनमध्ये पिळूच नयेत. त्यांच्या घडीत पाणी कोंडते आणि भार एकदम एका बाजूला जातो. 2016 साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने अशा वरून कपडे टाकायच्या सुमारे 28 लाख मशीनबद्दल सुरक्षिततेचा इशारा देऊन दुरुस्तीची वा परताव्याची सोय केली. पिळताना हादऱ्याने मशीनचा वरचा भागच सुटण्याचा धोका होता, आणि काही माणसे जखमीही झाली होती. जाड अंथरुणे व पाणी न शोषणारी कापडे हळू फेऱ्यांवरच धुवा, असे तेव्हा ग्राहकांना बजावण्यात आले.

कुबट वास

धुतलेल्या कपड्यांना वास येतो म्हणून आपण साबण वाढवतो, आणि रोग तेथेच वाढतो. जास्तीचा साबण निथळत नाही. आतल्या आणि बाहेरच्या टबांमधल्या फटीत, जेथे हात पोहोचत नाही, तेथे त्याची आणि मळाची बुळबुळीत साय धरते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तिला आणखी घट्ट करतात. साबण मोजून घालावा, मशीनचाच घालावा; हाताने धुण्याची पावडर फेस फार करते. आतल्या धाग्यांच्या पिशवीतला गोळा प्रत्येक धुण्यानंतर काढावा. महिन्यातून एकदा रिकामा टब क्षार काढणाऱ्या पावडरीने किंवा लिंबूसत्त्वाने धुवावा. पण त्याच पाण्यात ब्लीच कदापि घालू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरे किती कोंदट असतात ते सांगायला नको.

धुणे झाल्यावर टब वाळेपर्यंत झाकण उघडे ठेवावे. घरात रांगते-चालते मूल असेल तर मात्र न्हाणीघराचे दार लावूनच. आणि मशीनशेजारी स्टूल, उपडी बादली ठेवू नये. वास परवडला, मुलाने आत डोकावणे परवडत नाही.

हात कोठे आवरावा?

पाण्याचे काम घरचे, विजेचे काम जाणकाराचे. मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या, जळका वास आला, खालून पाणी गळून वायरकडे गेले, की मशीन तेथेच थांबवावे. तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन अर्थिंगची. ती कापून दोन पिनांत बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. भिंतीतले अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे, आणि घराच्या मीटरपाशी 30 मिलिअँपियरचा ‘आरसीसीबी’ खटका बसवावा. मागचे झाकण घरी उघडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवतो. खालची बाजू उघडी असेल तर उंदरांसाठी जाळी लावून घ्यावी. वायरी कुरतडायला त्यांना वेळ लागत नाही.

मेकॅनिक आलाच तर त्याला, जाळी साफ केली, नळी पाहिली, पाय समतल केले, असे सांगावे. म्हणजे उरलेल्या कारणाकडे तो लवकर वळतो, आणि प्रामाणिक माणूस त्याबद्दल आभारच मानतो. बदललेला जुना भाग मात्र आवर्जून मागून घ्यावा.

पंधरा मिनिटांची ही तपासणी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी करून टाका. मग पडद्यांना पाणी, कपड्यांना ऊन आणि चकलीच्या सोऱ्याला सवड, तिन्ही वेळेवर मिळतील.