भिंतीला काठ

"भिंतीला काठ लावतेयस?" आईने विचारलं, तेव्हा मी वॉलपेपरच्या दुकानातून आणलेली बॉर्डरची वळकटी टेबलावर उलगडत होते. सहा इंच रुंद, वेलबुट्टीची. आईने ती चष्मा वर सरकवून पाहिली आणि साडीच्या दुकानात देते तसाच निकाल दिला, "काठ भरीव आहे. अंग साधं घे." कॅटलॉगमधली मोठ्या फुलांची पानं तिथल्या तिथे बाद झाली.

आमच्या लहानपणी जेवणाची जागा सजवायची म्हणजे जमीन सजवायची. पाट मांडायचे, ताटाभोवती रांगोळी, सणाला महिरप. भिंतीचं काम फक्त पाठ टेकू देण्याचं. आजोबा बसत तिथे चुन्याच्या भिंतीवर खोबरेल तेलाचा थाळीएवढा डाग होता. दिवाळीला चुना लागायचा, संक्रांतीपर्यंत डाग पुन्हा वर यायचा. शेवटी वडिलांनी खालच्या तीन फुटांना ऑइल पेंट दिला. वर पांढरा चुना, खाली चकचकीत हिरवा, आणि दोन्हींचा सांधा झाकायला रंगाऱ्याने सुतळी मारून ओढलेली बोटभर चॉकलेटी पट्टी. बॉर्डर हा शब्द घरात यायच्या आधी बॉर्डर आली होती, तीही तेलापायी.

आता आम्ही खुर्च्यांवर बसतो. तेलाचे डाग गेले, खुर्च्यांच्या पाठींचे ओरखडे आले. मी उभी राहून बॉर्डरची उंची दाखवायला लागले, तर रंगारीकाका म्हणाले, "ताई, आधी बसा. इथं उभं राहून कोण जेवतंय?" मग खुर्ची मागे सरकवून, तिची पाठ टेकते त्याच्या जरा वर, जमिनीपासून तीन फुटांवर त्यांनी पेन्सिलीची खूण केली. त्याखाली धुता येणारा रंग, वर बॉर्डर, त्यावर कागद. बाहेरच्या भिंतीवर त्यांनी बोटांची मागची बाजू वाजवली आणि मान हलवली. ओल. तिथे वॉलपेपर लावला तर पावसाळ्यात पापडासारखा फुगेल म्हणाले. म्हणून कागद फक्त आतल्या भिंतीला. रंगाची छटा मात्र मी आधीच पसंत करून बसले होते, तीही त्यांनी बदलायला लावली. रंग हजार छटांत मिळतो, कागद आहे तसाच घ्यावा लागतो. म्हणून आधी कागद, मग त्यातलाच एखादा रंग उचलायचा.

एवढं ऐकून घेणारी गिऱ्हाइकं आणि एवढंच करणारे रंगारी नेहमी मिळत नाहीत. लंडनमध्ये १८७६ साली फ्रेडरिक लेलँड या जहाजमालकाने आपल्या जेवणघराच्या दारांना आणि झडपांना कोणता रंग शोभेल, एवढंच चित्रकार जेम्स व्हिसलरला विचारलं. भिंतींवर भारीतलं चामडं आधीच मढवलेलं होतं. मालक बाहेरगावी गेले आणि व्हिसलरने ते चामडंच निळ्या-हिरव्या रंगाने झाकून टाकलं, झडपांवर सोनेरी मोर काढले आणि दोन हजार गिनी मागितल्या. लेलँडने एक हजार दिले, तेही गिनीत नव्हे, पौंडांत. म्हणजे कलावंताला कारागिराच्या पंक्तीला बसवलं. व्हिसलरने भिंतीवर भांडणारे दोन मोर काढून उट्टं काढलं. एकाच्या पायाशी नाणी विखुरलेली. मला कौतुक लेलँडचं वाटतं. त्याने ती भिंत पुसली नाही, त्या मोरांसमोर बसूनच जेवत राहिला. ती खोली आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

आमच्याकडे घोळ घातला तो मीच. भिंत दहा फूट रुंद, बॉर्डरच्या वर साडेपाच फूट उंच. म्हणजे पंचावन्न चौरस फूट. एका रोलमध्ये सत्तावन्न. मी ऐटीत एकच रोल आणला. रोल एकवीस इंच रुंद आणि तेहेतीस फूट लांब असतो आणि नक्षी शेजारच्या पट्टीशी जुळवून कापावी लागते, हे माझ्या गणितात नव्हतं. आमची नक्षी दर एकवीस इंचांनी पुन्हा येणारी. साडेपाच फुटांच्या पट्टीला सात फूट कागद जाऊ लागला. चार पट्ट्यांत रोल संपला, सात फूट भिंत झाली, तीन फूट उघडी राहिली. दुसरा रोल आणला तो वेगळ्या लॉटचा निघाला. नक्षी तीच, पण रंग किंचित पिवळसर. दुकानदार म्हणाला, लक्षात येणार नाही. आईच्या दारातूनच लक्षात आलं.

काकांनी त्या दोन पट्ट्या लावल्या आणि भांड्यांचं कपाट उचलून बरोबर त्यांच्यापुढे ठेवलं. "आता कुणाला कळायचं नाही," म्हणाले. खरंच कळत नाही. पण पाहुणा पहिला घास घेतो न घेतो, तोच मी त्याला उठवून कपाटाच्या फटीतून तो पिवळेपणा दाखवते. आई म्हणते, निदान वरणभात तरी होऊ दे त्याचा.