उच्चाराची झडती

सन २०२५ च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, तेव्हा मुठेच्या अलीकडे असलेल्या आमच्या वारज्यात पाणी उकळून पिण्याची खबरदारी जितक्या त्वरेने पसरली, तितक्याच त्वरेने ‘गुलेन’, ‘गुईलेन’, ‘बॅरी’, ‘बर्रे’ अशी त्या फ्रेंच नावाची नाना रूपेही पसरली. आणि दवाखान्याच्या बाकावरील एखाद्या इसमाने त्यांपैकी एक उच्चारताच शेजारच्या सुशिक्षिताच्या ओठांवर जे मंद स्मित उमटे, त्याविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

ते स्मित निराधार आहे. १९१६ साली, महायुद्धाच्या धुमाळीत, जॉर्ज गियाँ, झाँ आलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांच्या या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. पण वैद्यकाच्या दप्तरी बिचाऱ्या स्ट्रोलचे नाव टिकले नाही, आणि पहिल्या नावात ‘य’ म्हणावा की ‘ल’ याविषयी जाणत्यांतही एकमत नाही.

रोग्याने डॉक्टरांपुढे निदान वाचून दाखवावयाचे नसते, दुखणे सांगावयाचे असते. ‘गेल्या आठवड्यात जुलाब झाले, काल पायांना मुंग्या आल्या, आज जिना चढवत नाही, चपलेत पाय सरकत नाही’ एवढे ऐकले की कसलेला डॉक्टर लागलीच हातोडी काढून गुडघ्याला झटका येतो की नाही ते पाहतो. कारण पुण्यातील काही रुग्णांत सापडलेल्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या जुलाबांपासून पायांकडून वर चढणाऱ्या दौर्बल्यापर्यंतची सारी हकीकत त्यात आलेली असते. परंतु हसे होईल या धास्तीने जो नुसते ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच पुटपुटतो, त्याचे दिवस टॉनिकात जातात; आणि इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तद्रव बदलणे हे उपाय पहिल्या दोन आठवड्यांत योजले तरच अधिक गुणकारी ठरतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला लोक ‘मानमोडी’ म्हणत, त्यामुळे कोणाचा उपचार अडला नाही. उपचारच नव्हता, हा भाग निराळा!

उच्चाराची मुभा रोग्याला असावी, गिचमिड अक्षराची मात्र डॉक्टरांना असू नये. केसपेपरवर रोगाचे नाव सुवाच्य इंग्रजीत आणि त्याखाली देवनागरीत लिहून मिळावे. रुग्णाच्या मुलाने तो कागद मेडिक्लेमच्या खिडकीतून आत सरकवावा, आणि पलीकडच्या कारकुनाने तो पाहून नोंद करावी, तोंडी परीक्षा घेऊ नये.