समुद्र ठेवायचा कशात?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. ‘काय मग, वीकेंडला काय केलंस?’ कुणी लोणावळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी नवा पिक्चर टाकलेला असतो, कुणी नुसतीच झोप काढलेली असते. माझं उत्तर ऐकून मात्र समोरच्याचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबतो. कारण मी सांगते, ‘काही नाही रे, पाणी बनवलं.’

पाणी! तेही समुद्राचं. आणि कुठे, तर पुण्यात बावधनला, चौथ्या मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीत.

माझ्या या खुळाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी खाऱ्या पाण्याची दीडशे लिटरची टाकी आहे. तिच्यात दोन क्लाऊनफिश आहेत (हो, हो, ते ‘निमो’वालेच!), चार-पाच गोगलगायी आहेत आणि एक क्लीनर श्रिम्प. ही लाल-पांढरी कोळंबी माशांच्या अंगावरचे बारीक परजीवी वेचून खाते. मासे तिच्यासमोर अगदी शहाण्यासारखे उभे राहतात, डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यासारखे. म्हणून तिचं नाव डॉक्टर. प्रवाळ मात्र नाहीत. आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यामुळे माझा खडक सिरॅमिकचा. दिसतो झक्कास!

रत्नागिरीत वाढलेल्या मुलीला नोकरीसाठी डोंगरापलीकडे यावं लागलं की ती असले उद्योग करते. शाळेच्या ट्रिपमध्ये आमच्या मत्स्यालयात काचेला नाक लावून उभी राहायचे, ते नाक अजून तिथेच आहे.

तर फंडा असा, की दर पंधरा दिवसांनी टाकीतलं पंचवीस-तीस लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं खारं पाणी घालायचं. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी. ते आरओ आणि डीआय फिल्टरमधून गाळायचं, म्हणजे थेंब थेंब तळे साचे. त्यात मरीन सॉल्ट मिसळायचं. शिवाय रात्री अकरा वाजता टाकीत काही बिघडलं तर खारं पाणी तयार हवं, तेव्हा कुठे मिसळत बसणार? म्हणून साठा. आणि साठा म्हटला की पिंप.

पिंप मी अगदी अभ्यास करून घेतलं होतं. बोहरी आळीत दोन तास घालवले. नवं कोरं, पांढरं, जाड, शंभर लिटरचं. तळाला त्रिकोणात २ चा आकडा, म्हणजे एचडीपीई. बाजूला पेला आणि काट्याची खूण, म्हणजे खाण्याच्या पदार्थांना चालणारं. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, लग्नाच्या ऑर्डरचं श्रीखंड ठेवताय का?’ प्लंबरला बोलावून खाली एक नळ बसवून घेतला. चकचकीत, चांदीसारखा. मी स्वतःवर सॉलिड खूश!

पहिल्यांदा त्या पिंपातलं पाणी टाकीत घातलं, तेव्हा गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या. वाटलं, दमल्या असतील. दुसऱ्यांदा घातलं आणि दोन दिवसांनी सकाळी डॉक्टर आडवी पडलेली दिसली. मासे? ठणठणीत! दोघंही सकाळचा खाऊ मागत काचेशी नाचत होते.

मी सगळ्या टेस्ट केल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, क्षारता बरोब्बर ३५, तापमान ठीक. मग दुसरी कोळंबी आणली. ती दोन दिवस जगली. आता माझं डोकं फिरलं. थेट मासेवाल्याच्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं, की तुम्ही आजारी माल विकता. तो बिचारा एवढंच म्हणाला, ‘मॅडम, त्याच लॉटमधल्या बाकीच्या बघा ना, फिरतायत.’ मी बघितलंसुद्धा नाही.

मे महिन्यात आई आली. सोबत आंब्याची पेटी आणि कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी, दादरा बांधलेली, बसमध्ये मांडीवर घेऊन आणलेली. मी म्हटलं, ‘आई, प्लास्टिकच्या डब्यात आणायचंस ना!’ तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला ती ड्राय बाल्कनीत गेली आणि तिथूनच हाक आली.

‘अगो, ह्या पिंपात काय आहे?’

‘मिठाचं पाणी, आई. माशांचं.’

‘मग नळ पितळेचा कशाला?’

‘पितळेचा नाहीये, स्टीलचा आहे.’

आईने वाकून नळाच्या तोंडाशी बोट घातलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटावर हिरवट पूड. मग केसातली पिन काढून नळाच्या कडेला खरवडलं. चांदीच्या खाली पिवळंधम्मक.

‘कळकलंय तुझं पाणी,’ ती म्हणाली आणि उरलेले कपडे वाळत घालायला लागली.

कळकणं! हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! नॉनस्टिकच्या जमान्यात जन्मलेल्यांसाठी सांगते. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई नसेल आणि त्यात ताक, आमटी, चिंचेचं किंवा मिठाचं काही ठेवलं, तर ते कळकतं. हिरवट होतं, चव विचित्र लागते, खाल्लं तर पोट बिघडतं. म्हणून तर पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा आणि भांड्यांना आतून कथलाचा थर द्यायचा. आजीचा नियम साधा होता, आंबट-खारट पितळेत नाही. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण लोणचं कशात राहतं हे पक्कं माहीत होतं.

आता रसायनशास्त्र. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या बाथरूममधले बहुतेक चकचकीत नळ पितळेचेच असतात, वरून क्रोमचा मुलामा. मुलामा बाहेरून. आतून, जिथे पाणी असतं तिथे, उघडं पितळ. माझ्या पिंपातलं खारं पाणी तीन-तीन आठवडे त्याला चिकटून बसलेलं. हळूहळू तांबं पाण्यात उतरलं. माशांना एवढ्याने लगेच काही होत नाही. उलट माशांच्या एका त्वचारोगावर तांब्याचंच औषध देतात, मोजूनमापून. पण कोळंबी, गोगलगाय, खेकडा अशा बिनकण्याच्या प्राण्यांना त्याहून कितीतरी कमी तांबंही घातक ठरतं. गंमत म्हणजे कोळंबीचं रक्त तांब्यावरच चालतं. आपल्या रक्तात लोह, तिच्या रक्तात तांबं. आणि तेच जरासं जास्त झालं की ती मरते.

त्या संध्याकाळी तांब्याचं टेस्ट किट आणलं. पिंपातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, रंग चढला. जो मुळीच चढायला नको होता. माझ्या नेहमीच्या टेस्टमध्ये तांबं नव्हतंच! जे मोजलंच नाही ते नाही, असं धरून मी चालले होते.

त्यानंतर काय काय केलं, ते ऐकाच. पितळी नळ काढला, त्या जागी प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. आतला छर्रासुद्धा प्लास्टिकचा आहे ना, हे दुकानातच उघडून बघितलं. पिंप रिकामं करून व्हिनेगरच्या पाण्याने विसळलं, मग साध्या पाण्याने तीनदा. टाकीत अॅक्टिव्हेटेड कार्बन टाकला आणि थोडं थोडं करत पाणी पुन्हा पुन्हा बदललं. कारण तांबं वाळूत जाऊन बसतं आणि नंतर सावकाश बाहेर येतं. दोन महिने टेस्ट करत राहिले. नवी कोळंबी आणायची घाई केली नाही. घाई करून दोघींना घालवलं होतं.

आता तुमच्यापैकी ज्यांना हे खूळ लागायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी माझा शहाणपणा, फुकटात.

पहिलं, त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, चारित्र्य नाही! २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तिन्ही चांगली. पण फिनेलचा कॅनही २ चाच असतो. म्हणून पेला-काट्याची खूण बघा आणि शक्यतो नवंच घ्या.

दुसरं, जुनं पिंप स्वस्तात मिळतं हे मान्य. पण त्यात आधी काय होतं ते विचारा. सरबताचं सिरप, व्हिनेगर असलं काही असेल तर धुऊन चालेल. डिटर्जंट, कीटकनाशक, थिनर, ऑइल असेल किंवा दुकानदार ‘काय माहीत’ म्हणाला, तर नमस्कार करून निघा. प्लास्टिक तेलं आणि वास आत ओढून घेतं. शंका असेल तर कोमट पाणी भरून रात्रभर झाकण लावून ठेवा आणि सकाळी नाक घाला. वास आला तर बाद. वास नाही म्हणजे शंभर टक्के पास असं मात्र नाही. आणि साबणाने कधीच धुऊ नका.

तिसरं, धातू नको म्हणजे नकोच. पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा थर असतो, तो उतरतो. स्टीलच्या पिंपालाही खारं पाणी भोकं पाडतं. सध्या फॅशनमध्ये असलेला तांब्याचा हंडा? विचारूही नका. माठही नाही, तो झिरपतो आणि बाहेरून मिठाची पुटं चढतात. आणि मुख्य म्हणजे छोट्या गोष्टी बघा. नळ, स्क्रू, पाइपची क्लिप, पंपाचा दांडा. मी अख्खं पिंप तपासलं आणि फसले एका नळापायी.

चौथं, रंगीत स्वस्त बादल्या बहुधा रीसायकल केलेल्या प्लास्टिकच्या असतात. त्यात काय काय वितळवलंय, देव जाणे. पाणी काढायला घ्या, साठवायला नको. पंधरा दिवसांचा साठा असेल तर पारदर्शक कॅनपेक्षा अपारदर्शक पिंप बरं, उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही.

पाचवं, झाकण हवंच. उघड्या पिंपातलं पाणी उडून जातं, मीठ जात नाही, म्हणजे उरलेलं पाणी जास्त खारट. पाणी टाकीत घालण्याआधी पुन्हा एकदा मोजा. आत एक छोटा पंप फिरता ठेवा. मिसळताना आधी पाणी, मग मीठ, हळूहळू. मिठावर पाणी ओतलंत तर कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. आणि स्वयंपाकघरातलं आयोडीनवालं मीठ नाही हं!

सहावं, वजन. शंभर लिटर खारं पाणी म्हणजे एकशे दोन किलोंच्या वर. एक गलेलठ्ठ पाहुणा कायमचा मुक्कामाला! त्याला बाल्कनीच्या कठड्याशी नाही, आतल्या भिंतीलगत बसवा.

आणि सातवं, जे कुठल्याच पिंपाच्या तळाशी छापलेलं नसतं. काही बिघडलं तर आधी आपल्या घरातलं बघा, मग दुसऱ्याच्या दुकानात जा.

मी गेले त्या मासेवाल्याकडे. दुकानात गिऱ्हाईक होतं. मुद्दाम तेव्हाच बोलले. म्हटलं, ‘तुमची कोळंबी चांगली होती. माझा नळ खराब होता. सॉरी.’ तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, ‘पाणी कशात साठवता हे मीच विचारायला हवं होतं, मॅडम. आता प्रत्येकाला विचारीन.’ मग आतून एक कोळंबी दाखवायला घेऊन आला. मी म्हटलं, आज नको, अजून तीन आठवडे टेस्ट करायचीय. तो म्हणाला, ‘ठेवतो बाजूला.’

ठेवली त्याने. आता ती टाकीत आहे. माझे दोन्ही निमो रोज तिच्यासमोर रांग लावतात. तिचं नाव मात्र डॉक्टर ठेवलं नाही. ते नाव एकीचंच.

आई परत निघाली तेव्हा तिला म्हटलं, ‘आई, पुढच्या वेळी येताना कॅन भरून खरं समुद्राचं पाणीच घेऊन ये ना.’ ती म्हणाली, ‘आणीन की. पण आधी सांग, कशात आणू?’

लोणचं अजून बरणीतच आहे. तुमच्या घरात काय कशात ठेवलंय, एकदा बघाच!